परीक्षेचा पेशंट

बारावीचा निकाल लागला की आमच्या विभागात पालक यायला लागतात. आमचा विभाग डेंटल कॉलेजच्या तळमजल्याला, अगदी टोकाला. वाट चुकल्याशिवाय सहसा तिकडे कुणी फिरकत नाही. तरी हे लोक येतात, कारण प्रवेशाच्या खिडकीवरचा माणूस त्यांना सांगतो, "त्या मॅडम तुमच्याच भागातल्या हायत. त्या खरं सांगत्याल." मग दहिवडीचा, आटपाडीचा, एखादे वेळी कोयनानगरच्या वसाहतीतला कुणी बाप मुलीला पुढं घालून दारात उभा राहतो आणि चप्पल बाहेर काढू की नको अशा घोळात असतानाच विचारतो, "मॅडम, डेंटलला स्कोप हाय का?"

मी खरं सांगते. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. पदवी मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी पाटी लावून दवाखाना चालत नाही. पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात दुसऱ्या खुर्चीपाशी उभं राहावं लागतं. पुण्यात मोठ्या साखळी दवाखान्यांत नोकऱ्या मिळतात, पण तिथं रोज किती पेशंट झाले ते वरचे विचारतात. शिरवळला कारखाने आले तसे हायवेला दातांचे दवाखानेही आले, तिथं माणसं लागतात. सरकारी आरोग्य खात्यात जागा निघतात, थोड्या निघतात, पुष्कळदा कंत्राटी असतात. लष्करात दातांचा विभाग आहे, तिथं मुलीही जातात. कुणी विमा कंपनीत बसून दाव्यांचे कागद तपासतं. पुढं शिकायचं तर एमडीएसच्या नऊ शाखा आहेत. दात सरळ करण्याची जागा पहिली भरते, आमची शेवटपर्यंत रिकामी राहते. कॉलेजात शिकवायचं असेल तर एमडीएस लागतंच.

एखादा बाप हे सगळं डायरीत लिहून घेतो. मग मी मुलीकडं वळून विचारते, "अनोळखी माणसाच्या तोंडात बोट घालून, नीट, सगळीकडं बघायला जमेल का तुला?" बाप हसतो. मुलगी बहुतेक वेळा हसत नाही.

मी या टोकाच्या विभागात कशी आले, ते मात्र त्यांना सांगत नाही. ते इथं लिहिते.

आमचं घर माण तालुक्यातलं, पिढ्यान् पिढ्या बांगड्यांच्या धंद्यातलं. अब्बा आठवडी बाजारात पाल ठोकून बसायचे आणि अम्मी बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव, वाड्यावस्त्यांवर फिरायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. माझ्या हातून पुढं जे झालं त्यात या अभिमानाचाही हात होता.

बांगडी भरणं हे बघायला सोपं वाटतं. हात आखडलेला असला तर काच फुटते आणि रक्त येतं. अम्मी बाईचा पंजा दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबत दाबत पंजा मिटवायची आणि बोलत राहायची. सून कधी आली, शेळी व्याली का, मुंबईचा माणूस गणपतीला येणार का. बाई उत्तर द्यायला लागली की तिचं हाताकडचं लक्ष जायचं, हात सैल पडायचा आणि बांगडी मनगटावर गेलेली असायची. बायका तिला भाभी म्हणायच्या. नवऱ्याला न सांगितलेल्या गोष्टी तिला सांगायच्या.

सांगलीच्या बाजूला एका डेंटल कॉलेजात माझा नंबर लागला. दहिवडीहून मायणी, विटा, तासगाव करत एसटीनं जायचं. पहिली दोन वर्षं पुस्तकांत गेली. तिसऱ्या वर्षापासून कळायला लागलं की आमची परीक्षा कागदावर असते त्याहून जास्त माणसावर असते. ठरावीक दात काढून झाले पाहिजेत, ठरावीक दात भरून झाले पाहिजेत, ठरावीक कवळ्या बसवून झाल्या पाहिजेत, तर परीक्षेला बसता येतं. आणि परीक्षेच्या दिवशी पेशंट आपला आपण आणायचा. शेवटच्या वर्षाला कवळीसाठी असा माणूस लागतो की ज्याच्या तोंडात एकही दात नाही, हिरड्या चांगल्या आहेत आणि जो सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी नक्की येईल.

असा माणूस मिळवणं हेच आमचं शेवटचं वर्ष. सांगली-मिरजेच्या मुली शेजारच्या आजोबांना घेऊन यायच्या. होस्टेलवरच्या आम्ही सकाळी केसपेपरच्या खिडकीपाशी उभ्या राहायचो आणि आत येणाऱ्या म्हाताऱ्यांचे गाल बसलेत का ते बघायचो. पळवापळवी व्हायची. त्यावरून मैत्रिणी तुटल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि एक नियम होता, कुठं लिहिलेला नाही, पण प्रत्येक बॅच पुढच्या बॅचला सांगून जायची: परीक्षेचा पेशंट कुणाला दाखवायचा नाही. दुसऱ्या विभागात तर मुळीच पाठवायचा नाही. तिकडं गेला की ते ठेवून घेतात, तपासण्या लावतात, चार खेपा मारून माणूस कंटाळतो आणि परीक्षेला येत नाही. मग बसा सहा महिने.

मी अम्मीला फोन केला. अम्मी घरात दखनीत बोलते आणि बाहेर आमच्या माणदेशी मराठीत. इथं मी सगळं मराठीतच लिहिते.

"बिनदाताची बाई पाहिजे," मी म्हणाले.

चार दिवसांनी तिचाच फोन. "एक बघितलीय. वरचे चार हायत, खाली कायच न्हाई. चालंल?"

"नाही अम्मी. एकसुद्धा नको."

"मग ते चार तू काढून टाक की. त्यासाठीच शिकायला गेलीयस ना?"

आणखी आठवड्यानं म्हणाली, "घावली. पार गुळगुळीत हाय. आणि शब्दाची पक्की. येते म्हणली म्हंजे येणार."

ती काकी. मी तिला काकीच म्हणायचे. तिच्या ओसरीवर अम्मीची पाटी मी जन्मायच्या आधीपासून उतरत होती. नवऱ्याची सगळी उमर मुंबईत हमालीत गेली, आता तो घरी आला होता. काकी शेरडं राखायची. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची, आणि दात गेल्यावरही ती सवय सुटली नव्हती. तंबाखूची भाजलेली पूड चिमटीत घेऊन डाव्या गालात दाबून ठेवायची. पहिल्या खेपेला अम्मी तिला घेऊन आली. खुर्ची मागं झाली तशी काकी दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "आगं आगं, थांब! ही खुर्ची घरी न्यायला मिळंल का? आमच्या म्हाताऱ्याला हितं झोपवते आन् बटन दाबून उठवते." शेजारच्या खुर्चीवरचा मुलगाही हसला.

मी तोंड तपासायला घेतलं. हिरड्या सुरेख होत्या, उंच, घट्ट, जशा पुस्तकात असतात. मला इतका आनंद झाला की हातमोज्यात घाम आला. मग आरशानं डावा गाल बाजूला केला. खाली, गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत, जिथं मिश्री दाबून ठेवायची तिथं, एक पांढरा चट्टा होता. चिंचोक्याएवढा. कडेला थोडी लाली. मी कापसाच्या पट्टीनं पुसून बघितला. निघाला नाही.

न निघणारा पांढरा चट्टा, तंबाखूची सवय, कडेला लाली. हे काय असू शकतं ते मला माहीत होतं. त्याच्यावर मी पंधरा मार्कांचं उत्तर लिहून आले होते. अशा चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा असतो, आणि त्याला वेळ लावायचा नसतो.

परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

केसपेपरवर एक रकाना असतो, गाल, जीभ, टाळू कसे आहेत ते लिहायचा. मी तिथं लिहिलं, "नॉर्मल". चुकून लिहिलं नाही. पेन दोन क्षण थांबला होता आणि मग मी लिहिलं. मनाशी म्हणाले, परीक्षा होऊ दे, दुसऱ्याच दिवशी पाठवते. तीन आठवड्यांनी काय होतंय. सर आले, त्यांनी हिरड्यांवरून बोट फिरवलं, "बढिया केस आहे" म्हणाले आणि माझ्या लिहिण्याखाली सही केली. सरांना दोष नाही. मी "नॉर्मल" लिहिलं होतं म्हणून त्यांनी गाल ओढून बघितला नाही.

परीक्षेच्या दिवशी काकी पहाटेच्या गाडीनं निघून वेळेच्या आधी हजर. नवं लुगडं नेसून आली होती. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं, "एवढ्या लांबून आलात आजी?"

"व्हय. पोरीची परीक्षा हाय. पास करा तिला, न्हाईतर ती माझं दात द्यायची न्हाई."

त्या दिवशी जबडा कसा मिटतो ते मापायचं होतं. वर्षानुवर्षं दात नसलेला माणूस खालचा जबडा पुढं काढून मिटतो. त्याला सैल सोडा म्हटलं की तो आणखी आवळतो. निम्म्या मुलांची परीक्षा इथंच बिघडते. मी हनुवटीला हात लावला आणि काकीला विचारलं, "काळी शेळी व्याली का हो?" काकी सांगायला लागली, दोन झाली, एक पाट आणि एक बोकड, बोकड अंगानं बारीक हाय. सांगता सांगता तिचा जबडा माझ्या हातात सैल पडला आणि आपोआप मागं जाऊन बसला. परीक्षकांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तिथंच. "हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आईनं. ती बांगड्या भरते." ते माझ्याकडं बघत राहिले. आयुष्यात इतकी ताठ मानेनं मी कधी उभी राहिले नव्हते. आणि त्या वेळी माझा अंगठा काकीच्या डाव्या गालावर होता, बरोबर त्या जागेवर, बाहेरून.

दोन आठवड्यांनी कवळी तयार झाली. परीक्षेच्या दुसऱ्या दिवसाचं सांगणं मी या दिवसावर ढकललं होतं. मी ठरवूनच गेले होते. काकीनं कवळी घालून आरशात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "आगं, ही कोण सटवी बसलीय हितं?" मग आम्ही सगळ्या हसलो. बरोबर आलेल्या अम्मीच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या हसण्यात ते बोलायचं धाडस झालं नाही. म्हटलं, आठ दिवसांनी कवळी टोचते का ते बघायला बोलावतोच, तेव्हा सांगू. आठ दिवसांनी काकी आली नाही. ज्वारीची काढणी होती. पुढं निकाल लागला. मी पास झाले. अब्बांनी पालावर येईल त्याला पेढा दिला. आणि मी गप्प बसले. दिवस जात गेले तसं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता "चट्टा आहे" एवढंच सांगून भागणार नव्हतं. "मी आधी बघितला होता" हेही सांगावं लागणार होतं.

इंटर्नशिप सुरू झाली. माझी पाळी या टोकाच्या विभागात लागली, जिथं तोंडातले तुकडे काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तिथल्या प्रमुख मॅडम कडक होत्या, पण ओरडायच्या नाहीत. त्यांची एक पद्धत होती. काचपट्टी बघायच्या आधी तुकड्याबरोबर आलेला कागद मोठ्यानं वाचायला लावायच्या, पेशंटच्या शब्दांत लिहिलेला भागसुद्धा. म्हणायच्या, "आधी माणूस ऐका, मग पेशी बघा."

एका सकाळी माझ्या वाट्याला एका बाईचा कागद आला. मी वाचत होते: वय, गाव, मिश्रीची सवय, उजव्या गालात जखम. मग पुढची ओळ. "दात काढताना डॉक्टरांनी बघितलं होतं. काही बोलले नाहीत."

मी कागद टेबलावर ठेवला.

"पुढं वाच," मॅडम म्हणाल्या.

मला वाचता येईना. बाकीच्या मुलींना मॅडमनी बाहेर पाठवलं. मग मी सगळं सांगितलं. चट्टा, पुसलेली पट्टी, "नॉर्मल" लिहिलेलं, परीक्षा, ज्वारीची काढणी. परीक्षेच्या दिवसापासून सात महिने होत आले होते. मॅडमनी सगळं ऐकलं. मला वाटलं होतं की त्या चिडतील, किंवा होतं असं म्हणतील. दोन्हीतलं काही झालं नाही.

"पेशंट कुठं आहे?"

"माणमध्ये."

"मग तू इथं काय करतीयस?"

मी एप्रन काढला आणि स्टँडवर गेले.

घरी पोचले तेव्हा अम्मी अंगणात बसून बांगड्यांचे जोड लावत होती. मधल्याच दिवशी मी कशी आले म्हणून अब्बा घाबरले. मी अम्मीसमोर बसून तिला सांगितलं. तिनं हात थांबवला नाही. जोड लावत लावतच विचारलं, "तू बघितलं व्हतंस ना?"

"हो."

"डोळ्यानं?"

"हो अम्मी."

"मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"परीक्षा होती."

तिनं हातातला जोड खाली ठेवला. म्हणाली, "तिची शेरडं शेजारणीकडं बांधून ती तुझ्यासाठी खेपा करत व्हती. मी तिला म्हणलं व्हतं, माझी पोरगी तुझं तोंड नीट बघंल." मग उठली आणि पाटी उचलून घरात ठेवली. "सकाळी जाऊ. मी येते बरोबर. पाटी घेत न्हाई."

अम्मी पाटीशिवाय कुणाच्या दारात गेलेली मी त्याआधी बघितली नव्हती. काकीलाही ते लगेच दिसलं. ती दावणीपाशी होती. आम्हाला बघून म्हणाली, "या भाभी. आन् ही डाक्टरीण कशाला आली? दात परत न्यायला आलीस व्हय गं?" तोंडात कवळी नव्हती. खालची टोचते म्हणून तिनं दोन महिन्यांपासून डब्यात ठेवली होती. "मला वाटलं माझंच चुकत आसंल. घालायची सवय न्हाई."

मी तिला उजेडात, उंबऱ्यावर बसवलं. गाल बाजूला केला. चट्टा वाढला होता आणि त्याच्या मधोमध जखम होती. कडा बोटाला कडक लागत होत्या. मी हात काढून घेतला आणि सांगितलं. तुकडा काढावा लागेल, वाईटही निघू शकतं. आणि मग ते दुसरं सांगितलं. "काकी, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी सांगितलं नाही. तुम्हाला दुसरीकडं पाठवलं असतं तर तुम्ही परीक्षेला आला नसतात असं मला वाटलं."

काकीचा नवरा आतून बाहेर आला होता. तो दारातनं माझ्याकडं बघत होता. काकी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली,

"आले आसते की गं. दोन्हीला आले आसते."

एवढंच. मी आजवर बरंच ऐकून घेतलंय, त्यातलं पुष्कळ विसरलेही. हे विसरले नाही. तिच्या आवाजात राग असता तर सोपं गेलं असतं. तिला खरंच नवल वाटलं होतं, की एवढ्या साध्या गोष्टीला मी का भ्याले. मी तिला माझ्या परीक्षेपुरती मोजली होती, आणि ती त्याहून मोठी होती.

त्याच दिवशी तिला घेऊन आम्ही सांगलीला आलो. तुकडा मॅडमनी मलाच काढायला लावला, आणि काचपट्टी तयार झाल्यावर मला शेजारी बसवून दाखवली. कर्करोग होता. तो मानेच्या गाठींपर्यंत पोचला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "वाचेल. पण सात महिन्यांपूर्वी कदाचित नुसता चट्टा काढून भागलं असतं." हे त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी त्याचा उल्लेख केला नाही. मिरजेला ऑपरेशन झालं. डाव्या बाजूची हिरडी, तिच्याखालचं थोडं हाड आणि गालाचा भाग काढावा लागला. काकी वाचली. पण आता तिचं तोंड दोन बोटांहून जास्त उघडत नाही, आणि ती कवळी तिला परत कधी बसली नाही. भाकरी ताकात भिजवून खाते.

मॅडमनी मला तो जुना केसपेपर काढायला लावला. "खोडायचं नाही. वाचता येईल अशी एकच रेघ मार. शेजारी काय दिसलं होतं ते लिही, आजची तारीख टाक, सही कर. मग कवळीच्या विभागात जाऊन सरांना दाखव." मी गेले. सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि आपली जुनी सही बघत बसले. कॉलेजनं माझी इंटर्नशिप तीन महिने वाढवली. ते मला योग्य वाटलं, आणि मी तसं लिहूनही दिलं.

अम्मीचं नुकसान जास्त झालं. तिनं स्वतःच प्रत्येक गावात सांगितलं. मी नको म्हणत होते. "दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापरीस माझ्या तोंडून कळू दे," म्हणाली. एका वस्तीवर एका सुनेनं हात मागं घेतला: "न्हाई भाभी, यंदा बाजारातनं घेते." अम्मी पाटी उचलून पुढच्या घरी गेली. ते घर दोन वर्षांनी परत उघडलं. दुसरं एक अजून उघडलेलं नाही.

त्या वेळी शिरवळच्या एका दवाखान्यात माझी नोकरी जवळजवळ ठरलेली होती. कारखान्यांतले लोक, चांगलं यंत्र, राहायला खोली. अब्बांनी नातेवाइकांना सांगूनही टाकलं होतं. मी जाणार नाही म्हणून कळवलं आणि एमडीएसला तोंडाच्या रोगांची ही शाखा घेतली, जिची जागा नेहमीप्रमाणे रिकामीच होती. वर्गातला एक मित्र म्हणाला, "येडी का काय गं तू? दिवसभर काचा बघत बसणार?" अब्बा मात्र म्हणाले, "पुरं शिक, अर्धवट नको." त्यांना कारण माहीत होतं.

हा प्रायश्चित्ताचा भाग आहे असं कुणी समजू नये. मला हे काम आवडतं. एक काचपट्टी नीट वाचली गेली तर एखाद्या घरातलं माणूस राहतं. त्याला पाटी लागत नाही आणि दारात रांगही लागत नाही. आता मी त्याच विभागात शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी नियम घालून दिलाय: परीक्षेचा पेशंट आधी आमच्याकडं दाखवायचा. त्या बदल्यात आम्हीही शब्द दिलाय की त्याच दिवशी बघू, खेपा घालायला लावणार नाही, आणि तपासणी लागलीच तर परीक्षेला दुसरा पेशंट शोधायला आम्ही मदत करू. पहिल्या वर्षी मुलं पेशंट एकमेकांपासून चोरून आणत होती. आता बरीच आणतात. सगळी नाही.

काकी दर तीन महिन्यांनी येते. अम्मी तिला घेऊन येते. दोघींचं वय झालंय, तरी एसटीनंच येतात आणि विट्याला चहा घेतात. गेल्या महिन्यात आल्या त्या दिवशी बाहेर तिसऱ्या वर्षाची मुलं थांबली होती, मला तासावर जायचं होतं. काकी खुर्चीवर बसून मला कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाचं सांगत होती. मी दोन बोटांच्या फटीतून आरसा आत घातला, डावी बाजू बघितली, मानेला बोटं लावून बघितली. सगळं ठीक. मग उजवा गाल.

एक पुसट पांढरी रेघ होती. मी पट्टीनं पुसली. राहिली.

आरसा बाहेर काढायच्या आधीच मी म्हणाले, "काकी, उजव्या बाजूला काहीतरी पांढरं दिसतंय. साधं असेल किंवा नसेल. आजच तुकडा काढायचा."

अम्मी बाकावरून उठून जवळ आली. काकीनं लग्नाचं तसंच सोडलं आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.

"आत्ता दिसलं?"

"आत्ता."

"मग काढ की. बघत काय बसलीस?" ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून अम्मीला सांगितलं, "भाभी, तीनची गाडी काय आपल्याला घावत न्हाई आता."

मी मुलांना आत बोलावलं, केसपेपर त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांच्यातल्या एका मुलीला मी सांगते ते जसंच्या तसं लिहायला सांगितलं.